एका थेंबाचा हिशोब

गुठळी पायात आणि धाप छातीला! असं कसं? कारण अंगातलं सगळं रक्त फुप्फुसांतूनच पुढे जातं. मिनिटाला ५ लिटर. दिवसाला ७,२०० लिटर, म्हणजे ३६० बादल्या! वर्षाला २६ लाख लिटर. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ५० वाघिणींची रेल्वे आठवते? तिच्यात २५ लाख लिटर मावायचं. तशी आख्खी गाडी दर वर्षी तुमच्या छातीतून जाते. सत्तरी गाठलीत की सत्तरावर गाड्या!

ही गाडी रिकामी होते कुठे? सुमारे ४८ कोटी वायुकोशांभोवती, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांभोवती. सेकंदाला एक मोजत बसलात तर न झोपता १५ वर्षं जातील. एकेक जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, पण रांगेत मांडा: सीएसएमटीहून निघालेली रांग पुण्याच्या वाटेवर थेट कर्जतच्या तोंडाशी! उलगडून पसरा: ७५० चौरस फूट, ऐसपैस टू-बीएचके. आणि एवढ्या फरशीवर एका वेळी रक्त किती? एक कटिंग चहा होईल एवढं! हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तर असा, की दोनशे एकावर एक रचले तरी जेमतेम वहीचा एक कागद.

पोटरीच्या शिरेतली गुठळी सुटली की येऊन अडकते ती इथेच, फुप्फुसात. पण मला थक्क करतो तो हृदयाचा हिशोब. उजवी बाजू रक्त फुप्फुसात ढकलते, डावी ते उपसून अंगभर धाडते. ठोक्याला दोघींचे साधारण ७० मिलिलिटर. समजा, डावी थकली आणि ठोक्यामागे एक थेंब कमी उपसू लागली. एकच! तासाला चार हजारांवर ठोके. तासाभरात पेलाभर रक्त जास्तीचं तुंबलं. दिवसाचे लाख ठोके: ५ लिटर. अंगातलं सगळं रक्त!

शरीर तोल सावरतं, म्हणून गोष्ट तिथवर जात नाही. पण हृदय फारच दमलं की तो पडदा पाझरतो आणि वायुकोशांत पाणी भरतं. आडवं झालं की धाप वाढते, म्हणून तर डॉक्टर विचारतात, "आजोबा, झोपताना उशा किती लागतात?" आधी एक. मग दोन. मग तीन. मग रात्री दोनला खाटेवरून पाय सोडून बसलेले आजोबा, "खिडकी उघडा रे" म्हणणारे.

लघवी वाढवणारं इंजेक्शन देतात. भांडं भरतं, पुन्हा भरतं. आणि आजोबा एक उशी काढायला सांगतात.