‘रक्त कमी’ एवढ्यावर थांबू नये

आगर, डहाणू, तलासरीकडच्या बायका ‘अंगावरून फार जातंय’ हे सांगायलाही महिने लावतात. तपासलं की हिमोग्लोबिन घसरलेलं निघतं आणि कारण समोरच असतं: एवढं रक्त गेलं, बाई पांढरीफटक पडणारच. इथल्या पाड्यांत सिकलसेलही आहे, म्हणजे दुसरं उत्तरही तयार. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू होतात.

बहुतेकदा निदान बरोबरही असतं. पण क्वचित गर्भपिशवीच्या कर्करोगासोबत त्याच बाईला रक्ताचाही कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया असतो, आणि दोघे एकमेकांना झाकतात. ल्युकेमियात प्लेटलेट्स घटल्या की स्राव वाढतो, आणि दोष जातो पिशवीला. म्हणून सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या कागदावर नुसतं हिमोग्लोबिन वाचून भागत नाही. सततच्या रक्तस्रावात प्लेटलेट्स बऱ्याचदा उलट थोड्या वाढतात. त्या तळाला गेल्या असतील किंवा पांढऱ्या पेशी लाखाच्या घरात असतील, तर रक्त काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवं.

दोन कर्करोग वेगळे कधी मानायचे, याची कसोटी वॉरेन आणि गेट्स यांनी १९३२ मध्ये घालून दिली: दोन्ही घातक हवेत, स्वतंत्र हवेत, एक दुसऱ्यातून पसरलेला नको. ल्युकेमियाच्या पेशी गर्भाशयातही उतरू शकतात, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय काहीच ठरत नाही.

खरा पेच उपचारांचा. रक्त बनवणारी मज्जा प्रौढांत मोठ्या प्रमाणावर कमरेच्या हाडांत असते, आणि पिशवीसाठी किरण द्यायचे तेही तिथेच. जो आधी जिवावर उठेल त्याला आधी गाठायचं. तीव्र ल्युकेमिया थांबत नाही. संथ लिम्फोसायटिक प्रकारावर मात्र नुसती नजर ठेवून पिशवीचं ऑपरेशन उरकता येतं.

कधी पहिल्याचा उपचारच दुसऱ्याला वाट देतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर बेतलेला आंतरराष्ट्रीय अभ्यास १९८७ मध्ये आला. किरण घेतलेल्यांत, संथ लिम्फोसायटिक प्रकार सोडून, ल्युकेमियाची जोखीम सुमारे दुप्पट होती. गंमत म्हणजे मज्जेला फार जास्त मात्रा मिळाली की जोखीम पुन्हा उतरत होती. तिथल्या पेशी बिघडण्याआधीच मरत असाव्यात. दुप्पट म्हणजे तरीही थोडीच. त्या धास्तीने किरण नाकारणं हा वेडेपणा.

मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पती दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला कर्करोगाचं हॉस्पिटल उघडलं. अशा उपचारांसाठी डहाणूकडचे पेशंट आजही लोकलने ‘टाटाला’च जातात. काही वर्षांपूर्वी तिथे किरण घेतलेल्या बाईला आता धाप लागत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील, तर ती जुनी फाइल गावच्या डॉक्टरांपुढेही ठेवावी.