शेगडीची निवड

घर बांधावयास काढलें म्हणजे विचार कशाकशाचा होत नाहीं? ओट्यावर कडाप्पा घालावा कीं ग्रॅनाइट, भिंतीची फरशी किती उंच न्यावी, खिडकी कोणत्या बाजूस ठेवावी, ह्यांवर घरांतील लहानथोर आठवडेच्या आठवडे खल करीत बसतात. राहते ती शेगडी. ती बहुधा सर्वांच्या शेवटीं, दुकानांतील कांचेची चकाकी पाहून, आणि घरीं जिच्या हातीं तवा असतो तिला न विचारतांच घेतली जाते. वास्तविक पुढें दहा-पंधरा वर्षें त्या शेगडीपुढें दोन्ही वेळां उभें राहावयाचें असतें तें तिलाच. तिचे डोळे, तिची कंबर, महिन्याचा खर्च आणि घराची सुरक्षितता, इतक्या गोष्टी ह्या एका निवडीवर अवलंबून असतात.

अहमदनगर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, आणि २०२४ पासून ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे, तर ह्या निवडीला एक कसोटी आयतीच मिळालेली आहे. ती म्हणजे भाकरी. कर्जत, जामखेड, श्रीगोंदें ह्या भागांत ती ज्वारीची, पारनेर-संगमनेराकडे पुष्कळशी बाजरीची, तर अकोल्याच्या डोंगरपट्टींत नागलीची. वरण, भात, दूध, चहा हे पदार्थ कोणत्याही उष्णतेवर होतात. भात विस्तवाची जात विचारीत नाहीं, भाकरी विचारते.

ती कां विचारते हें थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे. थापलेली भाकरी तापलेल्या तव्यावर टाकून तिच्या वरच्या अंगास पाणी फिरवितात. तें सुकत आलें कीं ती उलटतात, आणि दुसरी बाजू भाजली कीं तिला तव्यावरून काढून प्रत्यक्ष विस्तवाला लावतात. पहिल्या दोन खेपांत दोन्ही बाजूंस पातळ कवच धरतें. तिसऱ्या खेपेस एकदम प्रखर उष्णता मिळाली म्हणजे आंतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडावयास वाट सांपडत नाहीं, आणि वरचा पापुद्रा टम्म उचलला जातो. गव्हाच्या कणकेला जो चिवट ताण असतो तो ज्वारी-बाजरीच्या पिठाला नसतो. म्हणून हें काम रेंगाळून चालत नाहीं. विस्तव कमी पडला तर वाफ हळूहळू निसटून जाते, आणि भाकरी वातड होऊन बसते.

चुलीची थोरवी येथेंच आहे. चुलीच्या तोंडाशीं निखारे ओढून त्यांच्यासमोर उभी केलेली भाकरी ज्यांनीं खाल्ली आहे, त्यांचें गॅसवरच्या भाकरीनें कधींच पुरें समाधान होत नाहीं. ज्योत एका जागीं चाटून जाते. निखाऱ्याची धग सर्व अंगाला सारखी लागते. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तीन दगडांच्या साध्या चुलींत जळणाऱ्या लांकडाच्या उष्णतेपैकीं शंभरांत दहा-पंधरा भागच भांड्याच्या उपयोगीं पडतात. वेडी बाभूळ, तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या हें जळण फुकटचें मानलें जातें. तें गोळा करण्यांत जाणारे बाईचे तास कोणी मोजीत नाहींत म्हणूनच तें फुकटचें वाटतें. अकोल्याच्या पश्चिमेस घाटघर-भंडारदऱ्याकडे पावसाची झड लागली म्हणजे ओलें सरपण जळत नाहीं, नुसतें धुमसतें. धूर म्हणजे तरी काय? अर्धवट जळलेलें लांकूडच तें, आणि तें घरांतल्या माणसांच्या छातींत जाऊन बसतें. घरगुती इंधनाच्या धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत सरकारनें सुधारलेल्या चुलींची राष्ट्रीय योजना काढली होती, ती २००२ सालीं गुंडाळली गेली. धुरांडें असलेली चूल चांगलीच. पण धुरांड्यांतील काजळी वरचेवर झाडावी लागते, आणि तें काम कोणाचें हें ठरलेलें नसतें.

चूल आणि गॅस ह्यांच्या मध्यें रॉकेलचा काळ येऊन गेला. स्वीडनमधील लिंडक्विस्ट ह्या कारागिरानें १८९२ च्या सुमारास पंपाचा स्टोव्ह सिद्ध केला आणि त्याचा फरफर आवाज पुढें मराठी घरांतून पाऊणशें वर्षें घुमत राहिला. ‘स्टोव्हचा भडका’ हे शब्दही वर्तमानपत्रांत तितकेच नित्याचे होते. त्यांतील किती भडके खरोखर अपघाताचे होते, हा प्रश्न आजही अस्वस्थ करणारा आहे. आतां शिधापत्रिकेवरचें रॉकेल जवळजवळ बंद झालें असल्यामुळें स्टोव्हचा विचार करण्याचें कारण उरलेलें नाहीं.

सिलिंडरचा गॅस भारतांत प्रथम १९५५ सालीं मुंबईंत आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें तो खेड्यापाड्यांतील गरीब घरांपर्यंत नेला. मात्र जोडणी मिळणें ही एक गोष्ट आणि रिकामें सिलिंडर पुन्हां भरून आणणें ही दुसरी. ज्या घरीं रोख पैसा हंगामापुरताच येतो, तेथें सिलिंडर सणासुदीला आणि चूल रोजच्याला, अशी वांटणी होऊन बसते.

गॅस घ्यावयाचा ठरला कीं प्रश्न येतो तो ओट्यावर ठेवण्याची साधी शेगडी घ्यावी कीं ओट्याच्या दगडांत बसविण्याची, जिला दुकानदार ‘हॉब’ म्हणतात ती घ्यावी, हा. हॉब दिसावयास सुबक खरा. परंतु त्याचा खरा फायदा सौंदर्याचा नसून उंचीचा आहे. ओटा साधारणतः पावणेतीन फूट उंच असतो. त्यावर चार-पांच इंच उंचीची शेगडी आणि तिच्यावर तवा म्हटला म्हणजे बेताच्या उंचीच्या बाईला भाकरी उलटतांना कोंपर खांद्यापर्यंत उचलावें लागतें. पूर्वी काठवट आणि चूल एकाच पातळीवर असत, आणि बसल्या जागीं हात दोन्हींकडे सहज जाई. हॉबमुळें तवा तितका खालीं येतो. ह्याच्या उलट, एकदां दगड कापला कीं तो कापलाच. पुढें शेगडी बदलावयाची झाली तर त्याच मापाची शोधावी लागते. भाड्याच्या घरांत तर हॉबचा विचारही करूं नये. बदलीची नोकरी असलेल्यांनाही साधी शेगडीच बरी.

भाकरीच्या घरानें बर्नर डोळ्यांत तेल घालून पाहावा. लहान बर्नरवर मोठा तवा ठेवला तर मध्यभागीं डाग पडतात आणि कडा कच्च्या राहतात. म्हणून निदान एक बर्नर रुंद ज्योतीचा असावा. दुकानांत जातांना घरचा तवाच बरोबर न्यावा आणि तो जाळीवर डुगडुगतो कीं काय हें पाहावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. भाकरी ज्योतीवर धरली कीं तिचें पीठ झडून बर्नरच्या छिद्रांत जातें. तीं बुजलीं कीं ज्योत पिवळी होते, भांड्यांचीं बुडें काळीं पडतात आणि गॅस वायां जातो. निळी ज्योत ही पुऱ्या ज्वलनाची खूण आहे. ज्याचें पितळी टोपण सहज उचलून टांचणीनें छिद्रें मोकळीं करतां येतात, तो बर्नर पसंत करावा. वरची कांच शोभिवंत असते आणि पुसावयासही सोपी. पण जड पातेलें आपटलें किंवा तापल्या कांचेवर गार पाणी सांडलें तर ती तडकूं शकते. चुलत्या-पुतण्यांचें एकत्र कुटुंब आणि दर रविवारीं पाहुणे, अशा घरीं पोलादी पत्राच बरा. ज्योत विझतांच गॅस आपोआप बंद करणारी कळ असेल तर तिच्यासाठीं चार पैसे अधिक देण्यास हरकत नाहीं. दूध उतूं जाऊन ज्योत विझणें ही रोजची गोष्ट आहे.

सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. गळला तर तो वर जात नाहीं, जमिनीसरसा पसरून सांचतो. म्हणून सिलिंडर उभें, शेगडीच्या पातळीखालीं ठेवावें, आणि तें ओट्याखालच्या कपाटांत असेल तर कपाटाच्या दाराला तळाशीं झरोके असावे. हॉब बसविणारे सुतार ही गोष्ट हमखास विसरतात. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी, मग ती वरून कितीही धड दिसो. ज्या वस्त्यांत नळानें गॅस येतो तेथें सिलिंडरची शेगडी तशीच जोडूं नये. तो वायु निराळा, त्याचा दाब निराळा, आणि त्यासाठीं बर्नरच्या तोटीचें भोंक बदलून घ्यावें लागतें.

आतां विजेच्या शेगडीकडे वळावयाचें. इंडक्शनमध्यें विस्तव नसतोच. कांचेखालच्या तारेच्या वेटोळ्यांतून झपाट्यानें दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यानें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, आणि भांड्याच्या बुडांतच प्रवाह सुरू होऊन बूड तापतें. उष्णता भांड्यांतच जन्मत असल्यामुळें शंभरांतील पंच्याऐंशींच्या आसपास भाग कामीं येतात. गॅसच्या घरगुती शेगडीनें निदान ६८ भाग द्यावे, असें भारतीय मानक सांगतें. परंतु बूड चुंबकाला चिकटणारें हवें. रुखवतांतलीं पितळेचीं पातेलीं, ॲल्युमिनियमचे टोप आणि कुकर येथें निरुपयोगी ठरतात. एक लहानसा चुंबक घेऊन घरांतील भांडीं तपासावीं. अर्धीं नवीं घ्यावीं लागत असतील तर तोही खर्च शेगडीच्या किंमतींत धरावा.

खर्चाचा हिशेब असा. १४.२ किलोच्या एका सिलिंडरनें जितका स्वयंपाक होतो, तितक्याच स्वयंपाकास इंडक्शनवर सुमारें १४५ युनिटें वीज लागते. आपल्या गांवचा सिलिंडरचा भाव ह्या आंकड्यानें भागावा. जो भागाकार येईल त्याहून विजेचें युनिट स्वस्त पडत असेल तर इंडक्शन स्वस्त. येथें एक मेख आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतो. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, त्यापुढचीं महाग. ज्या घराचा वापर आधींच १०० च्या आसपास आहे, तेथें इंडक्शनचीं बहुतेक युनिटें वरच्या दरानें पडतील. म्हणून हिशेब बिलावरच्या सरासरीनें न करतां वरच्या टप्प्याच्या दरानें करावा. शिवाय २००० वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह ओढते. तिला जाड तार, १६ अँपिअरचें स्वतंत्र बटण आणि खरीखुरी अर्थिंग पाहिजे. आणि जेथें संध्याकाळीं दिवा मंद होतो, तेथें ती शेगडी ऐन वेळीं रुसून बसते.

भाकरीची कसोटी लावली तर इंडक्शन अर्धेंच उत्तीर्ण होतें. सपाट बुडाच्या बिडाच्या तव्यावर पहिल्या दोन खेपा चांगल्या होतात. खोलगट तवा चालत नाहीं. आणि तिसऱ्या खेपेला ज्योतच नाहीं. फडक्यानें दाबून भाकरी फुगविणाऱ्या सुगरणी आहेत, पण ती फुगवण निराळी. म्हणून भाकरीच्या घरीं इंडक्शनला गॅसची जागा न देतां गॅसचा भार हलका करण्यास ठेवावें. पाणी तापविणें, दूध, डाळ-भात इंडक्शनवर, भाकरी आणि फोडणी ज्योतीवर, अशी वांटणी केली तर सिलिंडर बरेच दिवस अधिक पुरतें, आणि वीज गेली तरी घर उपाशी राहत नाहीं. चार बर्नरांच्या भपकेदार हॉबपेक्षां दोन बर्नरांची साधी शेगडी आणि शेजारीं एक इंडक्शन, ही जोडी पांच-सहा माणसांच्या घराला अधिक उपयोगी पडते.

ज्यांच्या गोठ्यांत तीन-चार जनावरें आहेत त्यांनीं मात्र दुकानांत जाण्यापूर्वी गोठ्याकडे पाहावें. दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारें ५० किलो शेण लागतें, आणि त्यावर चार-पांच माणसांचा स्वयंपाक होतो. संगमनेर-राहात्याच्या दूधदुभत्याच्या पट्ट्यांत इतकें शेण ही कांहीं अपूर्वाई नव्हे. पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धीनें गोबरगॅसचा मार्ग पूर्वींच धरला. ह्या वायूला मोठ्या भोंकाची स्वतंत्र शेगडी लागते, आणि थंडींत वायूची निपज घटते. पण ती ज्योत आहे, आणि भाकरीला ज्योत हवी. सूर्याची चूल मात्र येथें हरते. शिर्डीच्या प्रसादालयांत २००९ सालीं प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवून सूर्यप्रकाशानें वाफ करण्याची मोठी योजना उभारली गेली. वाफेनें वरण-भात उत्तम शिजतो, भाकरी भाजत नाहीं.

ज्यांना ओटाच नाहीं त्यांची निवड सर्वांत बिकट. पाथर्डी, शेवगांव, जामखेड ह्या तालुक्यांतून दर हंगामास हजारों कोयते ऊंसतोडीला बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे एक जोडपें. पांच-सहा महिने त्यांचा मुक्काम पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपींत. आंत विस्तव पेटवावा तर कोपीच पेटण्याची भीति, म्हणून तीन दगड दारापुढें मांडले जातात आणि वाऱ्यानें निम्मा जाळ उडून जातो. त्यांना पांच किलोचें लहान सिलिंडर आणि वरच बसणारा बर्नर हा आज मिळण्यासारखा सर्वांत बरा सोबती आहे. तोही कोपीबाहेरच, सपाट जागीं, पत्र्याचा आडोसा करून पेटवावा. सिलिंडर बरोबर नेलें तरी तें कारखान्याच्या गांवीं भरून मिळेल कीं नाहीं, ह्याची चौकशी उचल घेतानांच मुकादमाकडे करून ठेवावी. कारण फडावर निघण्यापूर्वी, पहांटेच्या अंधारांत, दिवसभराच्या भाकरी तिला त्याच ज्योतीवर उरकावयाच्या असतात.