शहराची हवा आणि आपल्या माणसांचा श्वास

मुंबईस, ठाण्यास किंवा पुण्यास एकही माणूस नाही, असे घर कणकवली तालुक्यात शोधून सापडणे कठीण. आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले कितीतरी विद्यार्थी पुढे पोटापाण्यासाठी याच शहरांत स्थिरावले. कोणी महापालिकेत लागले, कोणी गोदीत, कोणी बस चालवू लागले, तर कोणी शाळा-कचेऱ्यांत गेले. ही मंडळी मे महिन्यात गावी येतात, तेव्हा 'गावाक इल्यार खोकलो आपसूक थांबता' हे वाक्य घरोघर ऐकू येते. त्याचे कारणही ठरलेले असते : मुंबईचे पाणी मानवत नाही. पाण्याला असा दोष देऊन आपण मोकळे होतो. वास्तविक खोकला थांबतो तो बहुधा हवा बदलल्यामुळे. शहराची हवा माणसाच्या शरीराचे नेमके काय करते, कोणाचे अधिक नुकसान करते आणि त्यावर काय करता येते, हे आपल्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना समजावून सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हवेत असते काय?

प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. अन्न निवडता येते, पाणी उकळता येते. हवा मात्र समोर असेल तीच घ्यावी लागते. शहरांतील हवेत नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, ओझोन असे वायू असतात आणि त्यांच्या जोडीला तरंगणारे सूक्ष्म कण असतात. आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत घातक ठरले आहेत ते हे कण.

या कणांचे आकारावरून दोन मुख्य वर्ग पाडतात. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 'पीएम १०' म्हणतात. रस्त्यावरची व बांधकामांची धूळ प्रामुख्याने यात येते. अडीच मायक्रॉन व त्याहून बारीक कण म्हणजे 'पीएम २.५'. हे मुख्यत्वे ज्वलनातून निर्माण होतात : डिझेलची इंजिने, कारखान्यांच्या चिमण्या, पेटलेला कचरा, कोळसा, लाकूड. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण सहज ओळीने बसतील. म्हणूनच ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असेलच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली 'पीएम २.५'साठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक सरासरीची मर्यादा सुचविली. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. सरकारी कागदावर 'समाधानकारक' ठरणारी हवाही शरीराच्या दृष्टीने निर्दोष नसते, हे या दोन आकड्यांतील अंतरावरून ध्यानी यावे.

मुंबईला समुद्राचा शेजार आहे. दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वाहणारे वारे शहराची हवा हलती ठेवतात, आणि पावसाळ्यात सरी हवा धुऊन काढतात. परंतु पावसाळा सरला की वारे मंदावतात. हिवाळ्यातील रात्री जमिनीलगतची हवा थंड होते व तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग शहराचा धूर शहरातच कोंडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली, की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्या दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा या दोन तासांपुरते मर्यादित केले.

शरीरात काय घडते?

निसर्गाने आपल्याला गाळणी दिली आहे. नाकातील केस आणि श्वासनलिकेतील चिकट स्राव मोठी धूळ अडवतात व शिंकेवाटे, खोकल्यावाटे ती बाहेर टाकतात. अडीच मायक्रॉनचा कण मात्र या पहाऱ्यातून निसटतो आणि फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत जातो. तेथे शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. परंतु काजळी आणि धातूंचे अंश त्यांना पचत नाहीत. त्यातून दाह सुरू होतो. रोजच कण येत राहिले, की दाहही रोजचाच होतो. श्वासनलिका सुजतात, अरुंद होतात, दमा उसळतो. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे फुप्फुसाची लवचिकता कायमची कमी होते. डॉक्टर ज्याला 'सीओपीडी' म्हणतात, तो हा आजार. बिडी-सिगारेटला कधीही न शिवलेल्या माणसालाही तो होतो.

येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. हवेचा विकार हृदयापर्यंत पोहोचतो, हे मात्र फारसे ठाऊक नसते. अतिसूक्ष्म कण वायुकोशांतून थेट रक्तात उतरू शकतात, आणि फुप्फुसातील दाहाचे परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतात. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तवाहिन्यांच्या आतील चरबीचे थर अस्थिर होतात, रक्तदाब चढतो. यामुळेच प्रदूषित हवेने होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार व पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. पन्नाशीच्या आतला धडधाकट माणूस हृदयविकाराने गेला, की आपण ताण, तंबाखू आणि तेलकट खाणे यांचा हिशेब मांडतो. तो मांडायलाच हवा; पण त्याच्या श्वासातील हवेचाही हिशेब त्यात धरला पाहिजे. कर्करोगाच्या बाबतीतही शंका उरलेली नाही. बाहेरील हवेचे प्रदूषण हे माणसात कर्करोग निर्माण करणारे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली जाहीर केले.

मुलांची गोष्ट निराळी आहे. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, आणि त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसे वर्षानुवर्षे मोजण्यात आली. दूषित हवेच्या गावांतील मुलांची फुप्फुसे अठराव्या वर्षीही अपेक्षेइतकी वाढली नव्हती. पुढे तेथील हवा सुधारली, आणि नंतरच्या तुकडीतील मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली. ही नोंद आम्हाला फार मोलाची वाटते. कारण हवा सुधारली तर पुढच्या पिढीची छाती भरते, याचा तो पुरावा आहे.

लंडनमधील एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ साली तीव्र दम्याने गेली. ती वर्दळीच्या रस्त्याजवळ राहत होती. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण स्पष्टपणे नोंदविले. आपल्याकडे मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार किंवा दमा असे लिहिले जाते. हवा तेथे कधी लिहिली जात नाही. म्हणूनच ती आपल्या ध्यानीही येत नाही.

एकच शहर, निरनिराळी हवा

हवा सर्वांना सारखी, असे आपण बोलताना म्हणतो. ते खरे नाही. कोणाच्या फुप्फुसात किती विष जाईल, हे बरेचसे त्याच्या घराच्या पत्त्यावर आणि त्याच्या कामावर ठरते.

चेंबूरजवळच्या माहूल भागाचे उदाहरण घ्यावे. तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीत ही वस्ती आहे. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये नमूद केले होते. तरीही शहरातील निरनिराळ्या प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांना तेथल्याच इमारतींत पाठविण्यात आले. रहिवाशांनी दीर्घ आंदोलन केले. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की माहूलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. अन्यत्र घर देता येत नसेल, तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे.

दुसरे उदाहरण देवनारचे. १९२७ पासून तेथे मुंबईचा कचरा पडतो. जानेवारी २०१६ च्या अखेरीस त्या ढिगाऱ्यांना लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांनी तो कचरा केला, त्यांपैकी बहुतेकांच्या खिडक्यांपर्यंत तो धूर पोहोचला नाही. तो पोहोचला गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगरच्या खोल्यांत.

कामाचेही तसेच आहे. पहाटे कोरडा झाडू मारणारा सफाई कामगार, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, पदपथावरची भाजीवाली, बांधकामावरचा बिगारी आणि लाकडाच्या भट्टीपुढे उभा राहणारा बेकरीतला कामगार यांचा दिवस धुळीत व धुरात जातो. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचे संसार अशाच कामांवर उभे राहिले आहेत. मुलांना शिकविण्यासाठी ज्यांनी शहरात कष्ट उपसले, त्यांनी त्या कष्टांची किंमत श्वासानेही मोजली, हे आपण विसरू नये.

गावची हवा तरी निर्मळ आहे का?

गड आणि जानवली या नद्यांच्या मध्ये वसलेल्या आपल्या कणकवलीची हवा महानगरांच्या मानाने निश्चितच चांगली आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील जी शहरे निवडली गेली, त्यांत सिंधुदुर्गातले एकही नाही. तथापि एवढ्यावर निर्धास्त राहणे योग्य नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात उडालेली धूळ सर्वांनी अनुभवली आहे, आणि आता त्याच मार्गावरील वाहनांची वर्दळ वाढते आहे. खडी फोडणारे क्रशर, चिरेखाणी आणि काजूच्या टरफलांचा धूर यांच्याजवळ काम करणाऱ्यांचा धोका शहरातील कामगाराहून फारसा निराळा नाही.

त्याहून जवळचा धूर घरातला असतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरी गॅस पोहोचला; परंतु आंघोळीचे पाणी आजही सोडणे, झावळ्या आणि लाकडे घालून तापविले जाते, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही त्याच चुलीत जातात. प्लॅस्टिक जाळल्याने डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. रात्री दारे-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटविली जाते. एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ सालच्या एका संशोधनात आढळले होते. अंथरुणावर निजलेल्या बाळाला हे गाव की शहर, याने काही फरक पडत नाही. मच्छरदाणी हा जुना उपाय त्याहून शतपट बरा.

काय करता येईल?

काही गोष्टी आपल्या हाती आहेत. शहरांतील हवेचा निर्देशांक आता मोबाइलवर रोज पाहता येतो. शंभराच्या आत असेल तर बहुतेकांना बाहेर वावरण्यास हरकत नाही. दोनशेच्या वर गेला, की वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया व हृदय-दम्याचे रुग्ण यांनी बाहेरचे श्रम टाळावेत. हिवाळ्यात भल्या पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेने फिरण्यापेक्षा उन्हे वर आल्यावर मैदानात फिरणे हितावह. रुमाल किंवा ओढणी तोंडाला बांधल्याने जाड धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी.

खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक धाप लागू लागली किंवा छातीत घरघर होऊ लागली, तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि फुंकून करावयाची फुप्फुसाची चाचणी करून घ्यावी. 'पंपाची सवय लागते' या समजुतीने कितीतरी दमेकरी इनहेलर टाळतात. वास्तविक इनहेलरमधील औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीच्या मानाने फारच कमी मात्रा पुरते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते घेण्यात कमीपणा नाही आणि भयही नाही.

परंतु एकट्या माणसाच्या सावधगिरीने शहराची हवा सुधारत नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले आणि हजारो माणसे मेली. लंडनची हवा त्यानंतर पालटू लागली, ती मास्कमुळे नव्हे. १९५६ च्या कायद्याने घराघरांतील कोळशाच्या धुराला आळा घातला म्हणून. आपल्याकडेही जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड व कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. बांधकामाभोवती पडदे, झाडण्यापूर्वी पाण्याची फवारणी, उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी, भरपूर सार्वजनिक बसगाड्या, सफाई कामगारांना योग्य मास्क व नियमित तपासणी, या मागण्या उपकाराच्या नाहीत. प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे. माहूलच्या रहिवाशांनी याच हक्काच्या बळावर न्याय मिळविला.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, महापालिकेत काम करणारे आहेत, कामगार संघटनांत वावरणारे आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. पुढील स्नेहमेळाव्यात रक्तदाब आणि साखर यांच्या तपासणीसोबत फुप्फुसांची तपासणीही ठेवावी. आणि जे रस्त्यावर, भट्टीवर किंवा कचऱ्यात काम करतात, त्यांना प्रथम बोलवावे. पालकांनाही एवढेच सांगणे, की शहरातल्या मुलाला फोनवर 'जेवलास काय' असे विचारताना 'खोकलो कसो हा' हेही विचारावे, आणि उत्तर ऐकून ते हसण्यावारी नेऊ नये.