सोने घोटणारे हात

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करायचे ठरले. स्वागतच आहे. पण फारसी काव्याच्या सुवर्णांकित पोथ्या नुसत्या नोंदीने वाचणार नाहीत. त्यांची हानी वाळवीने केली, तशी आपल्या नजरेनेही केली. आपण त्यांतली चित्रे पाहिली, पोथी पाहिलीच नाही.

सल्तनतीच्या काळात बरेचसे इराणमधल्या शिराझच्या शैलीचेच अनुकरण झाले. त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. कळस गाठला गेला तो १५८८ ते १५९८ या दशकात, अकबराचा दरबार लाहोरला असताना. अन्वरीचा तळहातावर मावेल असा दिवाण, निजामीचा ‘खम्सा’, जामीचे ‘बहारिस्तान’ आणि शेवटी अमीर खुसरोचा ‘खम्सा’! खुसरोची पोथी मुहम्मद हुसेन काश्मिरीने नस्तालिक लिपीत उतरवली. लाल, मनोहर, धरमदास यांनी चित्रे काढली. ही नावे अभ्यासकांच्या तोंडी आहेत. पण त्याच पोथीवर राबलेले हुसेन, मन्सूर, ख्वाजा जान हे नक्काश (वेलबुट्टी काढणारे) आणि लुत्फुल्ला हा मुजह्हिब (सोन्याचे काम करणारा) यांना कलेतिहासाने तळटीपेत टाकले. वर्ख खलून सोन्याची शाई करायची, ती कागदावर चढवून अकीकाने घोटायची, तेव्हा कुठे पान उलटताना त्यावर उजेड खेळतो. सपाट छायाचित्रात तो उजेड येतच नाही.

ही कला इराणची, आपली नव्हे, असे म्हणतात. पण खुसरो पटियालीत जन्मला, आणि धरमदास काही शिराझहून आला नव्हता. चित्रे संग्रहालयांत सुखरूप आहेत, हेही सांगितले जाते. आहेत, पण खुसरोची पोथी बाल्टिमोरमध्ये आणि तिची काही चित्रे न्यूयॉर्कमध्ये! कवितेपासून तोडलेले चित्र शोभेचे होते, अर्थाचे राहत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीची निजामशाहीतली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आहे. तिच्या बहुतेक चित्रांतली राणी खुंजा हुमायूनची आकृती नंतर कुणी तरी खोडली. तिथे कोण होते, हे उमगायला शेजारचे आफताबीचे काव्यच वाचावे लागते. म्हणून मोहिमेने यंत्रांइतकाच पैसा फारसी वाचणाऱ्यांवर आणि कागद-सोन्याची जाण असलेल्या कारागिरांवर खर्च करावा, आणि सुरुवात पुण्यापासून करावी.