नववीतला कारभारी



दिवेलागणीची वेळ. तुम्ही रानातून येऊन, हातपाय धुऊन ओट्यावर टेकलेले. खिशातला मोबाईल वाजतो. संदेश लांबलचक, अक्षरे बारीक, निम्मे इंग्रजी. तुम्ही हाक मारता, "अरे, बघ रे, काय आलंय ते." नववीतला मुलगा अभ्यासावरून उठतो, दोन बोटे फिरवतो आणि सांगतो, "बाबा, पीएम किसानच्या यादीचं काहीतरी आहे. इथं दाबा म्हणतंय. दाबू का?"

या 'दाबू का?'मध्ये आज घराची बरीचशी पुंजी अडकली आहे. बँकेचे खाते त्याच मोबाईलला जोडलेले, सातबारा त्यातच पाहायचा, पीक पाहणी त्यातूनच नोंदवायची, अनुदान जमा झाल्याचा निरोप त्यावरच यायचा. आणि हा सारा कारभार आपण सोपवला आहे चौदा वर्षांच्या लेकरावर. बैलगाडीचा कासरा हाती देण्याआधी आपण पोराला चार महिने शेजारी बसवतो. मोबाईल मात्र तसाच हाती दिला.

येते काय आणि राहते काय

"आमच्या पोराला सगळं येतं," असे आपण कौतुकाने म्हणतो. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या पाहणीत २०२४ साली असे दिसले, की देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या शंभर मुलांपैकी ब्याऐंशी जणांना स्मार्टफोन चालवता येतो. पाहणीआधीच्या आठवड्यात, तो चालवता येणाऱ्या शंभरातील शहात्तर जणांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता. अभ्यासासाठी वापरणारे होते सत्तावन्न. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांतही, त्रास देणाऱ्याला बंद कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे ठाऊक असलेले शंभरात बासष्टच निघाले.

म्हणजे पोराला गाडी पळवता येते, पण लगाम कुठे ओढायचा ते सगळ्यांनाच ठाऊक नाही. पाहणे आले, पुढे पाठवणे आले. स्वतः काही तयार करणे आणि आलेले पारखून घेणे, हे मात्र शिकायचे राहिले. ते कुणीतरी शिकवावे लागते, आणि शाळेत शिकवता येते. केरळ राज्याने हे करून दाखवले आहे.

केरळचे छोटे पतंग

केरळात २००१च्या सुमारास 'आयटी अॅट स्कूल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे संगणक हा दहावीच्या परीक्षेचा विषय झाला. विकतच्या प्रणालीवर पैसा न घालता मुक्त, विनाशुल्क प्रणालीवर शाळांचे काम चालवले. या प्रकल्पाची पुढे सरकारी कंपनी झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'काइट' म्हणतात, आणि काइट म्हणजे पतंग. म्हणून जानेवारी २०१८मध्ये हायस्कुलांतून मुलांची जी मंडळे उभी राहिली, त्यांना नाव मिळाले 'लिटल काइट्स', म्हणजे छोटे पतंग. सुमारे दोन हजार शाळांत ही मंडळे निघाली.

आठवीच्या मुलांची चाचणी घेऊन निवड होते. शाळेतलेच एक गुरुजी आणि एक बाई मंडळाचे काम पाहतात. आठवड्याला तास ठरलेला, शिवाय शिबिरे. मुले हलती चित्रे तयार करतात, संगणकाला आज्ञा कशा लिहून द्यायच्या ते शिकतात, छोटी विजेवरची उपकरणे जोडतात आणि इंटरनेटवर सावध कसे राहायचे तेही शिकतात. आपल्या मल्याळम भाषेत नीट टंकलेखन करणे हाही शिक्षणाचा एक भाग. तिथे मातृभाषा संगणकाच्या दाराबाहेर ठेवलेली नाही.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते बातमीचे काम. शाळेत स्नेहसंमेलन असो की विज्ञानमेळा, ही मुले कॅमेरा घेऊन चित्रण करतात, नको तो भाग कापतात, निवेदन जोडतात. शाळांसाठी चालणाऱ्या 'व्हिक्टर्स' या वाहिनीवर अशा बातम्या दाखवल्या जातात. मुलांनी आपापल्या शाळांचे अंक संगणकावर मांडून काढले आणि 'स्कूलविकी' या शाळांच्या माहितीकोशात ठेवले.

यातून काय साधते? ज्या मुलीने स्वतः चित्रण कापून जोडले, तिला कळते की कुणीही कुठलेही चित्रण कापू-जोडू शकतो. ज्या मुलाने बातमी लिहिताना "कुणी सांगितले, कधी घडले, कुठे घडले" हे तीन प्रश्न विचारले, तो पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपालाही तेच प्रश्न विचारतो. भाकरी थापणाऱ्या हाताला पीठ कसले आहे ते लगेच कळते, तसेच हे.

आया झाल्या विद्यार्थिनी

२०२२ साली याच मुलांनी आणखी एक काम केले. शाळाशाळांतून आयांना बोलावून त्यांनीच शिकवले. ओटीपी आणि पिन कुणाला का सांगायचा नाही, खोटी बातमी कशी ओळखायची, पैशांच्या व्यवहारात फसवणूक कशी होते, हे मुलांनी आयांना समजावले. बोट धरून चालायला शिकवणाऱ्या आईचे बोट लेकराने धरले, असेच म्हणा ना!

याला मर्यादाही आहेत. निवड होते म्हणजे सगळ्यांचा नंबर लागत नाही. शिवाय या कामामागे सरकारचा पैसा आणि दोन दशकांची तयारी आहे. तरी यातली मुख्य गोष्ट आपल्याकडेही नवी नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने, की मूल हाताने काम करता करता शिकते. त्यातून हायस्कुलात आठवड्याला एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, आरोग्य असे काम करून शिकण्याचा अभ्यासक्रम उभा राहिला. २००२मध्ये तिथे 'फॅब लॅब' म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा आली. जगातल्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक, आणि ती कोरडवाहू मुलखातल्या खेड्यात!

घरी काय करता येईल?

शाळा सुरू करील तेव्हा करील. तोवर घरी एवढे करून पाहा.

पहिले, मुलांना रानातली दोन मिनिटांची बातमी करायला सांगा. कांद्याच्या रोपवाटिकेची, विहिरीच्या पाण्याची, आजीच्या बियाण्याच्या गाडग्याची. कुणी, काय, कुठे, कधी, का, कसे, या सहा प्रश्नांची उत्तरे त्यात आली पाहिजेत. आजी बोलेल, नात चित्रण करील. दोघींचेही शिक्षण होईल.

दुसरे, मराठी टंकलेखन. ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज मुलांकडून मोबाईलवर मराठीत लिहून घ्या. खत-बियाण्यांचा आणि मजुरीचा हिशेब तक्त्यात मांडायला सांगा. हंगाम संपल्यावर तोच हिशेब तुम्हाला दाखवील की एकरी काय पडले.

तिसरे, ई-पीक पाहणी. २०२१पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढून नोंद करायची सोय झाली. फोटो काढायला मूल असू द्या, पण गट नंबर, पीक आणि क्षेत्र तुम्ही स्वतः वाचून पाहा. चुकीची नोंद पुढे नुकसानभरपाईच्या वेळी आडवी येते.

चौथे, पारख. यादी, अनुदान किंवा दंडाची पावती म्हणून फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरे असली, तर ती उघडू नका. त्यामागे लबाड ॲप असते आणि ते तुमचे संदेश, अगदी ओटीपीसुद्धा, परस्पर चोराला देऊ शकते. आणखी एक पक्के ध्यानात ठेवा: पैसे मिळण्यासाठी पिन घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे अवघड.

लेकीची पाळी विसरू नका

'असर'च्याच २०२३च्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या, फोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी शंभरात चव्वेचाळीस जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हेच प्रमाण शंभरात वीस. मुलाच्या हाती मोबाईल दिला की "शिकतोय", आणि मुलीच्या हाती दिसला की "कशाला हवा?", असे आपल्याही घरी होते का, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे. उद्या सासरी घरखर्च, बचतगट आणि मुलांची शाळा हे सारे त्याच लेकीला मोबाईलवरून पाहायचे आहे. न शिकवता पाठवलेली लेक फसली, तर दोष कुणाचा?

आणि पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गुरुजींना एक प्रश्न जरूर विचारा: शाळेतल्या संगणक-खोलीचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? संगणक बंद पडले असतील, तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, ग्रामसभेत काढा. देवळाच्या सभामंडपासाठी आपण वर्गणी काढतोच. थोडी या खोलीसाठीही काढता येईल.

मग एखाद्या संध्याकाळी पुन्हा मोबाईल वाजेल. तुम्ही हाक माराल. लेक येईल, संदेश वाचील आणि म्हणेल, "बाबा, हे दाबायचं नाही. का ते सांगते, बसा इथं." त्या दिवशी तुम्ही तिच्याशेजारी निवांत बसा आणि ऐका.