पुलावर गाडी चढलीच कशी?

जानेवारी १९७६. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात एका उड्डाणपुलावर १९६० सालची शेवरले इम्पाला उभी होती. जमिनीपासून उंची ११० फूट, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीची गच्चीच म्हणा. गाडीत नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते पुलाचं, कारण त्याला ना चढ होता ना उतार. वर जायला रस्ताच नसलेल्या पुलावर गाडी पोहोचली होती!

गाडीशेजारी उभे होते शहराचे नगरसेवक जो कोला. रखडलेल्या पुलाकडे लक्ष वेधण्यासाठीच हा खटाटोप होता. हा फोटो देशभर गाजला. हा पूल ज्या महामार्ग-संगमाचा भाग आहे, त्याचं आज अधिकृत नाव आहे ‘जो कोला इंटरचेंज’.

ही जागा नकाशात पाहिली तर आणखी एक गंमत दिसते. इथे १०१, २८० आणि ६८० असे तीन महामार्ग भेटतात, पण रस्ते मात्र दोनच! सॅन फ्रान्सिस्कोहून येणारा २८० इथे १०१ ला ओलांडतो आणि पलीकडे तोच रस्ता ६८० म्हणून पुढे जातो. सिलिकॉन व्हॅलीतली कितीतरी मराठी माणसं इथून रोज जातात. स्टिअरिंग न वळवता त्यांचा महामार्ग बदलतो.

पण असे पूल एवढे उंच कशाला? जुनी युक्ती होती ‘क्लोव्हरलीफ’ची. एक रस्ता वर, एक खाली आणि चार कोपऱ्यांत चार गोल फेरे. अमेरिकेतला असा पहिला संगम न्यू जर्सीत १९२९ मध्ये सुरू झाला. सिग्नल गेले, पण नवी अडचण आली. एका फेऱ्यातून आत शिरणाऱ्या आणि पुढच्या फेऱ्याकडे बाहेर पडणाऱ्या गाड्या एकाच छोट्या पट्ट्यात एकमेकींना आडव्या जाऊ लागल्या. वाहतूक वाढली की गाडी तिथेच अडते. त्यावर उपाय म्हणजे वळणाऱ्या वाहतुकीला स्वतःचा वेगळा मजला देणं. लॉस एंजेलिसचा प्रसिद्ध चार मजली संगम १९५३ मध्ये पूर्ण वापरात आला, तो याच विचारातून.

मजले चढवायला पैसा लागतो आणि १९७० च्या दशकात तो आटला. त्याचं कारण पेट्रोलवरच्या कराच्या रचनेत दडलेलं होतं. कॅलिफोर्नियाचा कर किमतीच्या टक्क्यांत नव्हता. १९६३ पासून तो गॅलनमागे ७ सेंट असा बांधलेला होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं, तरी सरकारचे ७ सेंट सातच राहिले. बांधकामाचा खर्च मात्र महागाईबरोबर वाढत गेला. राज्यभर रस्त्यांची कामं रखडली आणि सॅन होजेचे खांब-कमानी हवेत तशाच लटकत राहिल्या. लोक त्याला ‘कुठेच न जाणाऱ्या रस्त्याचं स्मारक’ म्हणू लागले.

एका फोटोने पूल बांधला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण कराचं हे गणित ज्यांना कधी समजलं नसतं, त्यांनाही त्या इम्पालाकडे पाहताच दुखणं कळलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगम पूर्ण झाला आणि जमिनीवरून गाड्या रीतसर वर जाऊ लागल्या.

कॅलिफोर्नियात महामार्गाला कुणाचं नाव द्यायचं, तर विधिमंडळाची दोन्ही सभागृहं तसा ठराव करतात. त्यावर गव्हर्नरची सही लागत नाही. नाव मिळालं तरी रस्त्याचा क्रमांक बदलत नाही. वाहनचालक क्रमांकावरूनच वाट शोधतो. म्हणून नावाचा खरा उपयोग दिशा सांगण्याचा नसतो. या रस्त्याशी कुणाचा काय संबंध होता, एवढंच ते सांगतं. अनेकदा हा मान कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या पोलिसाला किंवा सैनिकाला मिळतो. इथे तो रस्ता झाला नाही म्हणून बोभाटा करणाऱ्याला मिळाला. लोकप्रतिनिधीच्या कामात हा बोभाटाही मोडतो, याची याहून ठळक पावती शोधून सापडायची नाही.

अशा ठरावांत एक कलम हमखास असतं: पाटीचा खर्च सरकारी तिजोरीतून करायचा नाही. बाहेरून पुरेशी देणगी जमली, तरच पाटी लागते. सरकारी पैशावाचून अडलेल्या पुलाला ज्या माणसाचं नाव लाभलं, त्याच्या पाटीलाही राज्याची हीच रीत लागू आहे!