रिपोर्टातले पांढरे ठिपके

सत्तरीतल्या माणसाचा मेंदूचा एमआरआय झाला की रिपोर्टात बहुतेक वेळा एक ओळ असते : ‘क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’. डॉक्टरांना दाखवायच्या आतच घरातला एखादा भाचा ती मोबाइलवर शोधतो आणि संध्याकाळपर्यंत नातेवाइकांत बातमी फिरते, की काकांना अल्झायमर झालाय.

निदान त्या ओळीवरून तरी तसं निदान होत नाही. वय आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, आसपास रक्त कमी पडतं आणि तिथे स्कॅनवर पांढरे ठिपके उमटतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये ६० ते ९० वयाच्या हजारभर लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा एकही ठिपका नसलेले जेमतेम ५ टक्के निघाले.

हे ऐकलं की काकाच म्हणतात, ‘म्हणजे केस पिकतात तसंच की!’ हा गैरसमज मला पहिल्यापेक्षा महाग वाटतो. ठिपके पडतात ते मेंदूच्या पांढऱ्या भागात, व्हाइट मॅटरमध्ये. विचार करणाऱ्या पेशी बाहेरच्या करड्या थरात; आतला पांढरा भाग म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तारा, आणि पांढरेपणा तारांवरच्या मायलिन या चरबीयुक्त आवरणाचा. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतल्या या तारा एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे पावणेदोन लाख किलोमीटर भरतील, असा एका डॅनिश मोजणीचा अंदाज आहे. ऐंशीपर्यंत त्यातल्या जवळजवळ ४५ टक्के गेलेल्या असतात.

तारा खराब झाल्या की आठवण लगेच पुसली जात नाही, आधी वेग जातो. आजींना पोह्यांची कृती तोंडपाठ असते. पण फोडणी तडतडायला लागल्यावर लक्षात येतं, पोहे भिजवायचेच राहिलेत. प्रश्न विचारावा तर उत्तर बरोबर येतं, फक्त आपण पुढच्या विषयावर गेल्यावर. ‘नावं तर सगळी आठवतात, मग काय बिघडलंय?’ असं म्हणून घरचे हे महिनोन् महिने सोडून देतात.

आता अल्झायमर. १९०६ मध्ये अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डी. या रुग्णाच्या मेंदूतल्या गाठी आणि गुंते मांडले ते करड्या थरातले. त्यामुळे हा आजार करड्या भागाचाच, असं पुढे बराच काळ मानलं गेलं. अमेरिकेतल्या नन्सच्या अभ्यासाने १९९७ मध्ये वेगळं दाखवलं. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूत फक्त अल्झायमरच्या खुणा सापडल्या, रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या नाहीत, त्यांपैकी ५७ टक्के जणींनाच हयातीत स्मृतिभ्रंश झाला होता. पण त्या खुणांबरोबर मेंदूच्या खोल भागात एक-दोन बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्याही खुणा असतील, तर हेच प्रमाण ९३ टक्के. शिवाय ज्या कुटुंबांत अल्झायमर एकाच जनुकामुळे पिढ्यान् पिढ्या उतरतो, तिथे लक्षणांच्या अंदाजे ६ वर्षं आधी ठिपके वाढू लागतात. मेंदूच्या मागच्या भागात तर हा फरक २२ वर्षं आधीही दिसला. म्हणजे सगळे ठिपके रक्तदाबाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. काही अल्झायमरचेच असावेत.

‘साठी बुद्धी नाठी, आता काय करणार?’ हेही खरं नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड या चाचणीत, निकाल २०१९ चे, काहींचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवला, काहींचा १४० च्या. चारेक वर्षांत १४० वाल्यांचे ठिपके १.४५ घनसेंटिमीटरने वाढले, १२० वाल्यांचे ०.९२ ने. आधीचे पुसले गेले नाहीत, वाढ मंदावली. सौम्य विस्मरणाच्या अवस्थेचं प्रमाणही १९ टक्क्यांनी कमी राहिलं. पूर्ण स्मृतिभ्रंश घटल्याचं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही. आणि चाचणीत मधुमेही किंवा आधी पक्षाघात होऊन गेलेले लोक नव्हतेच. तेव्हा १२० चा आकडा डॉक्टरांना विचारूनच. आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून काकांनी परस्पर बंद केलेली गोळीही.